शाळेची सहल : सोलापूरहून निघालेल्या बसमधले अनुभव

पार्कचौक :
परवा मुलीच्या दप्तरातून सहलीचे संमतीपत्र बाहेर आले. दोन दिवसांत प्रतापगड, महाबळेश्वर, कास, वाई आणि परतताना गोंदवले, असा कार्यक्रम आहे. डिसेंबरात कासच्या पठारावर मुले नेमके काय पाहणार, हा प्रश्न मला पडला, कारण तिथला फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो. पत्रक वाचता वाचता आमची आठवीतील विजापूरची सहल आठवली. सरांनी निघण्यापूर्वी वर्गात सर्वांकडून गोलघुमटाचा आराखडा वहीत काढून घेतला होता. तिथे मनोऱ्यातील अरुंद जिना चढून आम्ही सज्जात पोहोचलो, तेव्हा त्यांनी वर्गाच्या दोन तुकड्या केल्या, एकीला थेट समोरच्या बाजूला भिंतीला कान लावून उभे केले आणि अलीकडच्या एका मुलाला भिंतीशी तोंड नेऊन एकोणिसाचा पाढा कुजबुजायला सांगितला. त्याने मध्येच केलेली चूक पलीकडच्या तुकडीने पकडली. तेवढ्यात दुसऱ्या शाळेची मुले आरोळ्या ठोकत वर आली आणि पुढे कोणालाच काही ऐकू येईना.
सहल आखणारे शिक्षक, सोबत गेलेले पालक आणि कधीकाळी खिडकीच्या जागेसाठी भांडलेले विद्यार्थी, अशा सर्वांनी आपले अनुभव लिहावेत. पालकसभेत बोलण्यापूर्वी मला ते हवे आहेत.

चाटीगल्ली :
मी निवृत्त शिक्षिका आहे आणि विजापूरच्या सहली अनेक वर्षे आखल्या आहेत. सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेले हे गाव एका दिवसात होते, पण क्रम चुकला की सगळे बिघडते. गोलघुमट सकाळी सर्वांत आधी घ्यावा, कारण दुपारी तिथे आसपासच्या जिल्ह्यांतील शाळांची एवढी गर्दी उसळते की आपल्या सरांनी करून दाखवलेला प्रयोग अशक्य होतो. वर जाण्याआधी मुलांना खाली दालनाच्या मध्यभागी उभे करून मान वर करायला लावावी आणि "खांब कुठे आहे, ते शोधा" एवढेच सांगावे. खांब नाहीच, हे त्यांच्या लक्षात आल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी दाखवाव्यात. मुहम्मद आदिलशहाची ही कबर असून इमारत १६५६ मध्ये पुरी झाली, हे मग सांगितलेले पुरते. आम्ही उलटे करतो. बसमध्ये सनावळ्यांचे भाषण देतो आणि इमारतीपाशी पोहोचल्यावर "लवकर चला, पुढे जायचे आहे" म्हणतो.
केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची जन्मतारखांसह यादी जवळ असली, की खिडकीवर हुज्जत होत नाही.
आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. विजापुरात बरेच फलक कानडीत आहेत. वर्गात एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या, अक्कलकोटकडच्या कानडी घरांतील आणि तिकडच्या शाळेत दोनचार इयत्ता शिकून आलेल्या दोन मुली त्या दिवशी पुढे झाल्या आणि सबंध वर्गाला फलक वाचून दाखवू लागल्या. त्यानंतर प्रत्येक सहलीत मी हे काम ठरवून कानडी येणाऱ्या मुलांकडे दिले.

होटगीरोड :
बाई, तुमचे वाचून विजापुरातल्याच इब्राहिम रोज्याची, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीची आठवण आली. गोलघुमटात मुले ओरडतात आणि रोज्यात आपसूक हळू बोलतात, असे मी पाहिले आहे. मुलूखमैदान तोफ मात्र वगळू नये. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ती अजस्र तोफ पाहिल्यावर आमच्या चिरंजीवांचा पहिला प्रश्न होता की हिला इथपर्यंत ओढत कोणी आणले, आणि सिंहाच्या जबड्यात सापडलेला तोंडाजवळचा हत्ती पाहिल्यावर दुसरा, की हत्ती इतका लहान का. पहिल्याचे उत्तर देताना मला घाम फुटला.

भीमाकाठ :
मी एसटीत वाहक होतो, त्यामुळे माझा अनुभव बसच्या आतला आहे. शैक्षणिक सहलीला महामंडळाच्या गाडीत पन्नास टक्के सवलत मिळते, तरीही काही शाळा पडदे आणि गाण्यांच्या मोहाने खासगी गाडी ठरवतात. गाडी कोणतीही असो, चालकाला रात्री झोप मिळाली पाहिजे. पहाटे चारला निघून मध्यरात्री परत येणारा कार्यक्रम कागदावर एका दिवसाचा दिसतो, पण शेवटच्या टप्प्यात चालकाचे डोळे कसे होतात, ते शेजारच्या आसनावर बसून मी पाहिले आहे. दिवस मावळायच्या आत गाडी गावाच्या जवळ असावी, असा हिशेब करून ठिकाणे कमी करावीत.
मुलांची मोजणी आकड्याने करू नये. "अठ्ठेचाळीस भरले" म्हणून गाडी हलते आणि दुसऱ्या शाळेचा एक पोरगा आपल्यात बसलेला असतो. आमच्या वेळी एक शिक्षक जोड्या लावत असत. प्रत्येकाने फक्त आपला जोडीदार आला का ते पाहायचे आणि नसला तर हात वर करायचा. ही पद्धत मला सर्वांत पक्की वाटली. उलटी होणाऱ्या मुलांना पुढच्या आसनांवर बसवा, हे सांगायला नकोच, पण ती मुले आपणहून कधी सांगत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी पालकांना विचारा.

चाटीगल्ली :
दादा, जोड्यांची पद्धत उत्तम आहे, पण जोडीतील दोघेही एकत्र गुंगारा देतात त्याचे काय?

भीमाकाठ :
तेव्हा वाहक शिट्टी वाजवतो आणि मास्तर कपाळाला हात लावतात.

माळरान :
सर्व जण किल्ले आणि घुमटांवर लिहीत आहेत, म्हणून मी नान्नजकडे वळतो. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. ते शहरापासून इतके जवळ आहे की बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगात येण्याआधी उतरावे लागते. तरीही सोलापुरातील बहुतेक शाळा तिथे जात नाहीत, कारण "तिथे पाहायला काही नाही" अशी समजूत आहे. माळढोक दिसेल, असे आश्वासन मुलांना देऊ नये. हा पक्षी आता फार दुर्मीळ झाला असून मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेव्हा त्याला शोधत माळावर मुलांची झुंड फिरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण काळविटांचे कळप दिसतात, चंडोल दिसतो, आणि नशीब असेल तर ओल्या मातीत लांडग्याचे ठसे सापडतात.
वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, गट वीसच्या आसपास ठेवावा, लाल-पिवळे सहलीचे टीशर्ट घालू नयेत आणि सूर्य वर येण्याआधी पोहोचावे. मी मुलांसोबत गेलो की एक प्रयोग हमखास करतो. माळावरून फिरून आल्यावर सर्वांच्या मोज्यांत कुसळे रुतलेली असतात आणि मुले वैतागलेली असतात. तेव्हा एकेक कुसळ काढून तळहातावर ठेवायला सांगतो आणि त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडतो. काही क्षणांत ती शेपटी उलगडत गरगर फिरू लागते. पाऊस पडला की ओली होऊन आणि ऊन पडले की वाळून ती अशीच पीळ सोडते आणि भरते, आणि टोकाकडचे बी जमिनीत शिरत जाते. गवत स्वतःला पेरते, हे पाहिल्यावर त्या माळाला कोणी ओसाड म्हणत नाही. मोज्यांविषयी पालकांच्या तक्रारी येतात, त्या ऐकून घ्याव्यात.

सातरस्ता :
माझा मुद्दा स्वच्छतागृहांचा आहे आणि तो कोणत्याच सहलीच्या पत्रकात नसतो. मी नववी-दहावीच्या मुलींबरोबर शिक्षिका म्हणून जाते. पुढे सोय असेल की नाही याची खात्री नसल्याने मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी किल्ल्याच्या उन्हात एखादी चक्कर येऊन खाली बसते. नंतर लोक म्हणतात की मुली नाजूक असतात. एका सहलीत ठेकेदाराने ज्या ढाब्यावर गाडी थांबवली, तिथल्या दाराला कडीच नव्हती आणि आम्ही शिक्षिका आळीपाळीने बाहेर उभ्या राहिलो. तेव्हापासून मी आखणीच्या वेळी नकाशावर आधी स्वच्छतागृहे मांडते, दोनअडीच तासांहून अधिक अंतर पडले तर मध्ये थांबा घालते आणि मगच स्मारकांकडे वळते. सॅनिटरी पॅडची पिशवी माझ्याकडे आहे, हे निघण्यापूर्वी सर्व मुलींना सांगून ठेवते.

पार्कचौक :
ताई, हे पालकसभेत मी सर्वांत आधी मांडणार आहे. वडील म्हणून हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

कडकभाकरी :
जेवणाविषयी कोणीच लिहिले नाही, हे आपल्या गावाला शोभत नाही. हॉटेलातील छोले-पुरी खाऊन अर्धा वर्ग आडवा होतो, त्यापेक्षा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे बांधून न्यावेत. कडक भाकरी दोन दिवस काय, आठवडाभर टिकते. दही मात्र डब्यात सांडते, ते नेऊ नये.

होटगीरोड :
शेंगाचटणी सहलीत पुरत नाही. पुण्याच्या एका शाळेची मुले आमच्या शेजारी पंगतीला बसली होती, त्यांनी चव पाहायला म्हणून घेतली आणि आमचा डबा रिकामा केला.

बोरीनदी :
नळदुर्ग कोणी कसा सुचवला नाही? सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोहोचता येते. बोरी नदीवरील धरणाच्या भिंतीतच बांधलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील, १६१३ चा आहे. नदी भरून वाहते तेव्हा नर आणि मादी या दोन धबधब्यांतून पाणी महालावरून कोसळते आणि आतल्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. अडचण एवढीच आहे की शाळा सहली नोव्हेंबर ते जानेवारीत काढतात आणि तेव्हा धबधबे बहुधा थांबलेले असतात. पावसाळ्यात न्यावे तर पायऱ्या निसरड्या असतात आणि गर्दी अफाट. माझ्या मते चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आठवड्यातला एखादा कामाचा दिवस निवडावा, मुले कमी आणि शिक्षक अधिक न्यावेत. परवानगीसाठी मुख्याध्यापकांना थोडे मनवावे लागते. हिवाळ्यातच जायचे असेल तर धबधब्याचा नाद सोडून उपळ्या बुरुजावर वेळ द्यावा. वर चढून भोवतालचा मुलूख पाहिला की हा बुरूज एवढा उंच कशासाठी बांधला, ते मुले स्वतःच सांगतात.
२०२५ मध्ये रायगड, प्रतापगड, पन्हाळा आदी बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तेव्हापासून प्रत्येक शाळेला तिथेच जायचे आहे. आपल्या भागातील किल्ले भुईकोट आहेत. डोंगराची आड नसलेला किल्ला खंदक, दुहेरी तटबंदी आणि पाणी यांच्या जोरावर कसा लढतो, हे शिकायला परंडा आणि नळदुर्ग यांच्याइतकी जागा दुसरी नाही, आणि परंड्याला बार्शीच्या शाळा अर्ध्या दिवसात जाऊन येऊ शकतात.

कुडलसंगम :
हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची ओळ आहे. सहावीच्या मुलांना हे सांगितले की ती अक्षरांवरून हलत नाहीत, कारण पुढच्या आठवड्यात घटक चाचणी असते. शेजारीच असंख्य मुखे कोरलेले शिवलिंग आहे. मुले त्यावरची मुखे मोजायला बसतात आणि ३५९ हा आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. मोठी माणसे दर्शन घेऊन पाच मिनिटांत बाहेर पडतात. संगमाच्या पाण्यात मात्र एकालाही उतरू देऊ नये. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलीच्या सूचना कडक झाल्या, पण नदीकाठ कोणाला समुद्राइतका धोक्याचा वाटत नाही.

बाळीवेस :
आमच्या नगरपालिकेच्या शाळेत सहलीसाठी पैसे भरू शकणारी मुले थोडी असत, म्हणून एका मॅडमनी पायी सहल काढली. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि मंदिर, चार हुतात्म्यांचे पुतळे आणि शेवटी महापालिकेची जुनी इमारत इंद्रभुवन. १९३० मध्ये इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावलेल्या सोलापुरातील मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, हे मॅडमनी पुतळ्यांसमोर उभे राहून सांगितले. आमच्यातल्या एकाचे आजोबा त्या काळी गिरणीत कामाला होते. त्याने घरी ऐकलेले सगळे तिथेच सांगायला सुरुवात केली आणि मॅडमनी त्याला मध्ये तोडले नाही. खर्च झाला तो चुरमुऱ्यांचा. ही सहल कोणी काढणार असेल तर नेमकी बारा जानेवारीला काढू नये, कारण त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि किल्ल्याच्या आसपास मुले हरवायला वेळ लागत नाही.

सातरस्ता :
गड्ड्यात हरवलेल्या मुलांचा वेगळा धागा काढावा लागेल.

नवीपेठ :
विजापूरबद्दल एक विचारायचे आहे. आमच्या वर्गात पायात कॅलिपर, म्हणजे चालायला आधार देणारी पट्टी असलेला एक विद्यार्थी आहे. घरचे लोक त्याला पाठवायला तयार आहेत, पण गोलघुमटाचे जिने त्याला जमणार नाहीत. त्याला खाली एकटे बसवून बाकीच्यांनी वर जाणे मला पटत नाही.

चाटीगल्ली :
सर, त्याला एकटे ठेवूच नका. वर्गाचे दोन गट करून आळीपाळीने वर पाठवा, म्हणजे त्याच्यासोबत नेहमी अर्धा वर्ग खाली राहील. खालच्या गटाला काम द्या. दालनाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून त्याच्या वहीत नोंदवायची आणि वरून टाळी वाजली की प्रतिध्वनी किती वेळा येतो, ते त्याने मोजायचे. आवारातील नगारखान्यात वस्तुसंग्रहालय आहे, तिथे तळमजल्यावर बराच वेळ जातो. इब्राहिम रोज्याला चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या आहेत, पण थोड्याच आहेत, त्यामुळे एका शिक्षकाचा हात पुरेल. त्याच्या वडिलांना विचारून ठेवा की त्याला उचललेले चालते का. माझ्या एका विद्यार्थ्याला ते मुळीच आवडत नसे.

नवीपेठ :
उद्याच विचारतो, बाई. टाळ्या मोजण्याचे काम त्याला आवडेल, तो तबला शिकतो.