पाडलेल्या ‘एल’चे जुने फोटो: कुठली लाइन, कुठला रस्ता, कुठलं साल?

जुनीपेटी

न्यूयॉर्कच्या पाडून टाकलेल्या उन्नत रेल्वेचे, म्हणजे तिथल्या बोलीत ‘एल’चे, आठ प्रिंट आणि चार शीट-फिल्म निगेटिव्ह एका लॉटमध्ये आले आहेत. चार प्रिंटवर गाडी अडली आहे:

अ) फलाटाच्या पाटीवर ‘१८’. खाली रस्त्यावर ट्रामचे रूळ, पण ट्रामची तार कुठेच नाही. मागे काही लिहिलेलं नाही.

आ) अरुंद, काळोखी गल्ली, डोक्यावर लोखंडाचं छप्पर. दुकानांबाहेर पितळी भांडी टांगलेली. मागे पेन्सिलीने ‘बॉवरी’.

इ) भलत्याच उंच खांबांवरून वळणारा मार्ग. मागे ‘सहावी ॲव्हेन्यू’. पण सहाव्या ॲव्हेन्यूवर असं वळण नकाशात सापडत नाही.

ई) ‘एल’च्या खाली ट्राम, ट्रामवर तार. पाटीवर ‘फ्रँकलिन’. मागे ‘न्यूयॉर्क, १९३७’.

पाटीवरून आणि पाठीवरच्या मजकुरावरून सुरुवात केली, तर प्रत्येक वेळी दोन-तीन उत्तरं येतात. तुम्ही लोक कुठून सुरू करता?

कैचीपूल

पाटी शेवटी बघायची. आधी रस्त्याचा तळ, मग खांब, मग रुळांची संख्या.

मॅनहॅटनच्या चार मुख्य लाइनी होत्या: दुसरी, तिसरी, सहावी आणि नववी ॲव्हेन्यू. दक्षिण टोकाचा भाग सोडला तर स्टेशनांना नावं नव्हतीच, आडव्या रस्त्याचा नंबर हेच नाव. त्यामुळे १४, २३ आणि ४२ ही स्टेशनं चारही लाइनींवर आहेत. अशी पाटी दिसली म्हणजे काहीच कळलं नाही असं समजा. उलट काही आकडे एकाच लाइनीचे आहेत. १९ फक्त दुसरीवर. ७६ आणि ८४ फक्त तिसरीवर. ३३ आणि ३८ फक्त सहावीवर, त्यातलं ३८ तर १९१४ मध्ये नंतर घातलेलं, म्हणजे साल फुकटात मिळतं. ८१ आणि ९३ फक्त नववीवर. तुमचा १८ तिसरी आणि सहावी, दोन्हींवर आहे.

आता (अ)चे रूळ मोजा. १९१६ च्या सुमारास दुसरी, तिसरी आणि नववी या लाइनींवर एक्स्प्रेससाठी मधला तिसरा रूळमार्ग घातला. सहावीवर दोनच राहिले. १८ ला दोन फलाटांच्या मधून तीन मार्ग जात असतील, तर ती तिसरी ॲव्हेन्यू आणि फोटो १९१६ नंतरचा. दोनच असतील तर प्रश्न उघडा राहतो, कारण १९१६ च्या आधी तिसरीवरही दोनच होते.

ट्रामच्या तारेचं: मॅनहॅटनमध्ये ट्रामला वीज जमिनीखालून, दोन रुळांच्या मधल्या फटीतून मिळायची. मुंबईच्या ट्रामसारखी डोक्यावर तार नाही. म्हणून रस्त्यावर तीन समांतर रेघा दिसतात: दोन रूळ आणि मधे फट. ‘एल’खाली अशी फट दिसली तर मॅनहॅटन. तार दिसली तर ब्रुकलिन, ब्राँक्स किंवा क्वीन्स. तुमचा (ई) त्यामुळे मॅनहॅटनमधून आधीच बाद. मागे ‘न्यूयॉर्क’ लिहिणाऱ्याने चूक केलेली नाही, ब्रुकलिन १८९८ पासून त्याच शहरात आहे, पण मॅनहॅटनमध्ये शोधत बसलात तर वर्ष जाईल.

‘फ्रँकलिन ॲव्हेन्यू’ नावाचं स्टेशन ब्रुकलिनच्या तीन लाइनींवर होतं: फुल्टन स्ट्रीट, मर्टल ॲव्हेन्यू, लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू. फुल्टनचा पश्चिम भाग ३१ मे १९४० ला बंद झाला, लेक्सिंग्टन १९५० ला, मर्टलचा हा भाग १९६९ पर्यंत धावला. १९३७ खरं धरलं तर तिन्ही उभ्या होत्या, म्हणजे साल इथे काहीच निवडून देत नाही. दुकानांची पाटी वाचावी लागेल.

तिसरारूळ

(इ)च्या पाठीवरचं लिखाण चूक नाही.

सहाव्या ॲव्हेन्यूच्या गाड्या ५३व्या रस्त्यावरून पश्चिमेला वळून नवव्या ॲव्हेन्यूच्या मार्गाला लागायच्या आणि वर हार्लेमपर्यंत जायच्या. कोलंबस ॲव्हेन्यू (नवव्या ॲव्हेन्यूचंच वरचं नाव) सोडून आठव्या ॲव्हेन्यूवर येताना ११०व्या रस्त्यावर जो एस आकाराचा उंच वळसा होता, त्यावरून दोन्ही लाइनींच्या गाड्या जात. पाठीवर ‘सहावी’ लिहिणाऱ्याने गाडीवरची पाटी वाचली असणार. मार्ग मात्र नववीचा.

खात्री कशी करायची: तिथे मार्ग जमिनीपासून साठ फुटांहून उंच आहे. खांब इतके सडपातळ आणि उंच दुसरीकडे नाहीत. ११०चं स्टेशन १९०३ मध्ये उघडलं आणि उंचीमुळे त्याला लिफ्ट होती. वळणावर लिफ्टचे मनोरे दिसले तर फोटो १९०३ नंतरचा. मागे सेंट जॉन कॅथीड्रलचं बांधकाम दिसत असेल, तर ते कितपत वर आलंय त्यावरून साल आणखी जवळ आणता येतं.

रुळांकडेही बघा. मॅनहॅटनच्या लाइनींचं विद्युतीकरण १९०२-०३ मध्ये झालं. धावत्या रुळांच्या बाजूला वीजवाहक तिसरा रूळ दिसत नसेल, तर फोटो त्याआधीचा. नुसतं ‘धूर दिसत नाही’ एवढ्यावर निकाल देऊ नका. उतारावर वाफेचं इंजिनही धूर न काढता घरंगळतं.

भिंगवाला

वाचायचं तर आधी नीट स्कॅन करा. छोटा प्रिंट असेल तर १२०० पीपीआय, निगेटिव्ह २४०० किंवा जास्त, १६ बिट करडं, टिफमध्ये. स्कॅनरचं आपोआप शार्प करणं बंद. फोनवरची एआय ‘सुधारणा’ तर अजिबात नको. ती दुकानाच्या पाटीवर नसलेली अक्षरं रचते आणि ती इतकी चकचकीत असतात की माणूस त्यावर विश्वास ठेवतो. धूसर अक्षर धूसरच राहू द्या, ‘६ किंवा ८’ असं लिहा.

प्रिंटच्या पाठीवर पेन्सिल पुसट असेल तर टॉर्च कागदाला जवळपास समांतर धरा. दाब पडलेल्या रेघांची सावली पडते आणि मजकूर उठून येतो.

शीट-फिल्म निगेटिव्ह उलटी छापली जाण्याची चूक फार होते. फिल्म उभी धरा, तिच्या कडेला कापलेली खाच वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, तुमच्याकडे. त्या बाजूने चित्र उलटं दिसतं. गुळगुळीत बाजूने बघितलं तर सुलटं. जुन्या प्रिंटांमध्ये उलटे छापलेले भरपूर असतात, म्हणून फोटोत एखादी पाटी, घड्याळ किंवा पोस्टर शोधून खात्री करा. सहाव्या ॲव्हेन्यूवर जेफरसन मार्केट कोर्टाचा घड्याळाचा मनोरा हा हमखास मापदंड. तो पश्चिमेला आहे आणि आजही उभा आहे. मनोरा डाव्या हाताला असेल तर तुम्ही उत्तरेकडे बघताय. उजव्या हाताला असेल तर दक्षिणेकडे, नाहीतर फोटो उलटा. घड्याळाचे आकडे वाचले की वाद संपतो.

आणि एक: फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेटणारी जुनी फिल्म, असू शकते. पिवळी, चिकट, उग्र वासाची झाली असेल तर बंद प्लास्टिकमध्ये कोंबू नका आणि उष्णतेजवळ ठेवू नका. ‘जाळून बघू’ वाली परीक्षा तर मुळीच करू नका, नायट्रेट भडकते. आंबट व्हिनेगरचा वास आला तर ती ॲसिटेट, म्हणजे ‘सेफ्टी’ प्रकारची फिल्म, खराब होते आहे. तिला थंड, कोरडी, हवेशीर जागा.

जुनीपेटी

(अ) पुन्हा स्कॅन केला. फलाटांच्या मधून तीन मार्ग जातात, मधल्याला फलाट नाही. खाली दुकानाच्या काचेवर नंबर वाचता येतो: १६३.

पाटीपूजक

मग (अ) संपला. ॲव्हेन्यूवरच्या घरनंबरावरून आडवा रस्ता काढायचं जुनं गणित आहे: शेवटचा आकडा काढून टाका, उरलेल्याचं अर्धं करा, मग त्या ॲव्हेन्यूचा ठरलेला आकडा मिळवा. तिसरीसाठी १०, दुसरीसाठी ३, नववीसाठी १३. सहावीसाठी उलट १२ वजा करायचे.

तुमचं १६३: १६, त्याचं अर्धं ८, अधिक १० म्हणजे १८. तिसरी ॲव्हेन्यू, अठराव्या रस्त्याच्या जवळपास. सहावीवर १८व्या रस्त्याशी नंबर सहाशेच्या घरात यायला हवा होता. शिवाय तिथे १८व्या आणि १९व्या रस्त्यांच्या मधे सीगल-कूपरचं प्रचंड दुकान आहे, ते फोटोत न येणं कठीण.

साल: एकीकडे १९१६, दुसरीकडे मॅनहॅटनमधली तिसरी ॲव्हेन्यू ‘एल’ बंद झाली तो १२ मे १९५५. ट्रामची फट असल्यामुळे बहुधा १९४७ च्या आधी, कारण त्या वर्षी तिथली ट्राम बंद झाली. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की ट्राम गेल्यावर रूळ लगेच उखडतातच असं नाही. यापुढे गाड्यांच्या नंबरप्लेटा बघा. न्यूयॉर्कच्या प्लेटवर १९३८ पासून काही वर्षं जागतिक मेळ्याचं नाव असायचं, तेवढं जरी वाचता आलं तरी दशकाचं काम होतं.

कैचीपूल

पाटीपूजक, गणित बरोबर, पण सहावीसाठी सावधान. १९२० च्या दशकाच्या शेवटी ती ॲव्हेन्यू दक्षिणेला वाढवली आणि घरांचे नंबर बदलले. त्याआधीच्या फोटोतला नंबर या सूत्रात टाकला तर माणूस भलत्याच चौकात जाऊन उभा राहतो. जुन्या नंबरांसाठी त्या काळच्या विमा नकाशांवरच जायला हवं, त्यांवर प्रत्येक प्लॉटवर नंबर असतो.

(आ) बद्दल. बॉवरी रुंद रस्ता आहे. १९१६ च्या फेरबांधणीआधी तिथे दोन वेगळे मार्ग दोन्ही फुटपाथांच्या बाजूंना होते आणि मधे आकाश उघडं होतं. ‘काळोखी, अरुंद, वर छप्पर’ हे वर्णन बॉवरीला त्या काळात लागूच पडत नाही. पितळी भांड्यांची दुकानं म्हणजे ॲलन स्ट्रीट. दुसऱ्या ॲव्हेन्यूची लाइन तिथून जायची आणि गल्ली जवळपास झाकून टाकायची. रस्ता १९३० च्या सुमारास घरं पाडून रुंद केला, म्हणजे तुमचा अरुंद फोटो त्याआधीचा. पण डिव्हिजन स्ट्रीटही असाच काळोखा होता आणि त्याच लाइनीखाली. तिथे बायकांच्या कोटांची दुकानं. एका भांड्यावर पैज लावू नका, निदान दोन-तीन दुकानं बघा.

‘बॉवरी’ असं लिहिण्याचं कारण सोपं: मागच्या पिढीत त्या भागातल्या सगळ्याच ‘एल’ला लोक सर्रास बॉवरीची ‘एल’ म्हणून टाकायचे. पाठीवरचं लिखाण साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

तिसरारूळ

सहावीचे फोटो आले तर आणखी एक खूण. १९३६ पासून तिथे जमिनीखाली सबवे खणत होते. रस्त्यावर डांबराऐवजी लाकडी फळ्यांचं छप्पर, त्यावरून मोटारी, आणि वर ‘एल’ अजून उभी, असं दृश्य फार थोड्या काळाचं. ‘एल’ ४ डिसेंबर १९३८ ला बंद झाली, १९३९ मध्ये पाडली, सबवे १५ डिसेंबर १९४० ला सुरू. फळ्या आणि धावती गाडी एकत्र दिसली, तर तुमच्याकडे जेमतेम तीन वर्षांची खिडकी उरते.

आणि खोटा चोर: दहाव्या ॲव्हेन्यूजवळ इमारतींतून आरपार जाणारा उंच मार्ग दिसला तर तो ‘एल’ नाही, १९३४ चा मालगाडीचा मार्ग आहे, ज्यावर आज बाग आहे. त्यावर प्रवाशांची स्टेशनं नव्हती. विक्रीच्या याद्यांत तो ‘नववी ॲव्हेन्यू’ म्हणून वारंवार खपवला जातो.

सावलीमापक

वेळ काढायची असेल तर: मॅनहॅटनच्या ॲव्हेन्यू खऱ्या उत्तरेपासून २९ अंश पूर्वेला कललेल्या आहेत. सूर्य ॲव्हेन्यूच्या बरोबर सरळ रेषेत येतो तो हिवाळ्याच्या मध्याला दुपारी दोनच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात साडेबारा-पाऊणला (उन्हाळी घड्याळ लागू असेल तर तास पुढे धरा). त्याआधी पश्चिमेकडच्या इमारती उजळतात, नंतर पूर्वेकडच्या. ‘एल’खाली स्लीपरांच्या सावल्यांचे पट्टे रस्त्यावर पडतात. ते सगळे खांबांच्या एकाच बाजूला सरकलेले असतील आणि फोटो सकाळचा की दुपारनंतरचा हे माहीत असेल, तर कुठली बाजू पूर्व ते कळतं, आणि फोटो कुठे बघतोय ते कळतं.

पाटीपूजक

(ई) साठी: १९३९ ते १९४१ मध्ये शहराने करआकारणीसाठी प्रत्येक इमारतीचा फोटो काढला होता, प्रत्येक फोटोत ब्लॉक आणि लॉट नंबरची पाटी. हे सगळे ऑनलाइन आहेत. तुमचा फोटो १९३७ चा असेल तर दोन-तीन वर्षांत दुकानं बदलतात, पण छज्जे, खिडक्यांवरच्या दगडी टोप्या, आगीच्या जिन्यांची वळणं बदलत नाहीत. तिन्ही फ्रँकलिन चौकांचे कोपऱ्याचे प्लॉट काढा, फोटोतल्या कोपऱ्याच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या मोजा आणि जुळवा. तीन चौक, प्रत्येकी चार कोपरे, बाराच फोटो बघायचे आहेत. सहाव्या ॲव्हेन्यूचे करफोटो काढायला मात्र जाऊ नका, तेव्हा तिथली ‘एल’ पडून गेली होती, रस्ता मोकळा दिसेल आणि गोंधळाल.

जुनीपेटी

बाराही बघितले. मर्टल ॲव्हेन्यूचा एक कोपरा जुळतो: वरच्या मजल्यावर पाच खिडक्या, मधलीवर कमान. लेक्सिंग्टनच्या एका कोपऱ्यालाही पाचच खिडक्या आहेत, पण कमान नाही.

भिंगवाला

मग मर्टल लिहा. पाठीवर मऊ २बी पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, प्रिंट काचेवर पालथा ठेवून: ‘मर्टल, फ्रँकलिन, कमानीवरून, १९३७ हे जुन्या लिखाणावरून’. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुनं ‘न्यूयॉर्क, १९३७’ खोडू नका, आणि आपलं लिखाण त्याच्यापासून वेगळं ओळखता येईल एवढं अंतर ठेवा.