फ्लो आणि फ्लक्स: हिशेब एकच की वेगळा?

रेघोट्या (धागाकर्ता):
दोन्ही शब्द 'प्रवाह' म्हणून खपवले जातात आणि मग पोरं परीक्षेत एककं चुकतात. माझ्या मते भेद सरळ आहे. नळीतून सेकंदाला २ लिटर पाणी जातं, हा फ्लो. त्याला नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं की फ्लक्स. वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना लंब अशा दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते, तोही फ्लक्सच. एवढं पाळलं की घोळ संपला.

उलटतपासणी:
साफ असहमत. तुमचा नियम उष्णतेत चालतो, चुंबकत्वात तोंडावर आपटतो. तिथे फ्लक्स म्हणजे पृष्ठभागातून जाणारा एकूण आकडा, एकक वेबर. क्षेत्रफळाने भागलं की ती फ्लक्स डेन्सिटी, एकक टेस्ला. म्हणजे बरोब्बर उलट! शिवाय चुंबकातून वाहत काहीच नसतं.

रेघोट्या:
ते वीजवाल्यांचं जुनं खूळ. एका अपवादासाठी नियम सोडायचा का?

उलटतपासणी:
एकच कुठे? एलईडी बल्बच्या खोक्यावरचे ल्युमेन बघा. तो प्रकाशाचा एकूण फ्लक्स. टेबलावर दर चौरस मीटरला किती उजेड पडला ते लक्समध्ये मोजतात.

शब्दवेडी:
मधेच तोंड घालते. फ्लो आणि फ्लक्स हे शब्द सख्खे सोडाच, नात्यातलेही नाहीत. फ्लक्स लॅटिन 'फ्लुएरे'वरून आला. फ्लो अस्सल जुना इंग्रजी, त्याचं गोत्र संस्कृत 'प्लु' धातूशी जुळतं. म्हणजे आपलं 'प्लावक बल' फ्लोच्या भावकीतलं! आणि न्यूटनच्या 'फ्लक्शन'मध्ये (त्यावरचं पुस्तक लिहिलं १६७१च्या सुमारास, छापलं १७३६ला) क्षेत्रफळाचा संबंधच नव्हता. तो नुसता काळानुसार बदलाचा दर.

रेघोट्या:
व्युत्पत्तीने गणितं सुटत नाहीत, ताई. पोरांना सांगायचं काय?

उलटतपासणी:
नावावर जाऊ नका, एकक उलगडून वाचा (टेस्ला म्हणजे वेबर भागिले चौरस मीटर). भागाकारात खाली चौरस मीटर आहे का? असेल तर दर क्षेत्रफळाचा हिशेब, नसेल तर एकूण. आणि पुस्तक कुठल्या शाखेचं, ते आधी बघा.

रेघोट्या:
म्हणजे घोळ तसाच ठेवायचा, फक्त सवयीने. मला हे पटत नाही.

कथील:
आमच्याकडे फ्लक्स डबीत मिळतो. सोल्डर करताना तारेवरचा ऑक्साइडचा थर काढतो, मग कथील नीट पसरतं. याचं एकक काय लावू?

शब्दवेडी:
ग्रॅम. 😄