आघातानंतरचा मनोविकार आणि आनुवंशिकता : बहिणीची जनुकीय चाचणी करावी का?

नमस्कार. या विषयातील जाणकारांचे, विशेषतः मनोविकारतज्ज्ञांचे मार्गदर्शन हवे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माझी आई आणि मामा एकाच माळवदाखाली गाडले गेले होते. दोघेही वाचले, परंतु मामा वर्षभरात सावरला, तर आई पुढे कित्येक वर्षे पक्क्या छताखाली झोपली नाही आणि ट्रकच्या धक्क्याने खिडकी थरथरली तरी अंगणात धावत असे. तिच्या या अवस्थेला तेव्हा कोणी आजार म्हटले नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा रस्त्यावर अपघात झाला आणि काही महिन्यांनी तिला पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतरच्या मनोविकाराचे, निदान झाले. समुपदेशन सुरू आहे व गुणही येत आहे. मात्र ‘आईचेच रक्त’ हे नातेवाइकांचे वाक्य तिच्या मनात इतके रुतले आहे की, रक्तातलेच असेल तर उपचारांनी काय होणार, असे ती विचारते.

मी थोडे वाचन केले. व्हिएतनाम युद्धकाळात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्या भावांवरील अभ्यासात (तोही १९९३ चाच) लक्षणांमधील फरकांचा सुमारे ३० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आढळला. हा आकडा समूहातील फरकांविषयी आहे, एका व्यक्तीच्या आजाराचा तीस टक्के भाग जनुकांमुळे असा त्याचा अर्थ नाही, हे मला समजते. बहिणीला समजावताना मात्र शब्द अपुरे पडतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बारा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या संशोधनात या विकाराशी संबंधित ९५ जनुकीय स्थाने सापडली. प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प, आणि त्यातील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे. असे असताना एक खासगी प्रयोगशाळा लाळेच्या नमुन्यावरून ‘ताण सोसण्याची क्षमता’ सांगण्याचे आश्वासन देते, आणि बहीण त्यासाठी पैसे भरायला निघाली आहे. अशा अहवालाने उपचारांत काही फरक पडतो का? ‘धोका अधिक’ असे छापून आले, तर ती समुपदेशनच सोडेल, अशी मला भीती वाटते.

आणखी एक अडचण आहे. आईचा पूर्वेतिहास बहिणीच्या डॉक्टरांना अद्याप सांगितलेला नाही, कारण आईची तशी इच्छा नाही. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि गोष्ट बाहेर फुटेल, असे आईला वाटते. तिच्या संमतीवाचून मी तो सांगावा का, की आधी आईलाच डॉक्टरांकडे न्यावे?