सगळे भाग एकदम बदलू नयेत
रिमोटवर चालणाऱ्या, घसरत वळणे घेणाऱ्या छोट्या ड्रिफ्ट गाडीच्या चॅसीला (सांगाड्याला) अ‍ॅल्युमिनियमचे सगळे भाग एकदम बसवावेत का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. केवळ मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत खरा फरक स्टिअरिंगमुळे पडतो. म्हणून आधी वेगवान सर्व्हो (पुढची चाके वळवणारे यंत्र) आणि जायरो (गाडी घसरताच स्टिअरिंग आपोआप सावरणारे उपकरण), व त्यानंतर पुढची चाके अधिक कोनात वळू देणारे नकल (चाक ज्यावर बसते ते वळणारे सांधे) घ्यावेत. पुढचे चाक दोन बोटांत धरून हलवून पाहा : तेथे ढिलेपणा असेल, तर जायरोचा गेन (सावरण्याची तीव्रता) वाढवताच चाके थरथरू लागतात आणि दोष मात्र बिचाऱ्या जायरोवर येतो. अशा वेळी ०.१ मिलिमीटरची साधी शिम (फट भरणारी पातळ चकती) महागड्या आर्मपेक्षा (चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्यापेक्षा) अधिक उपयोगी पडते. शिवाय धडकेत धातूचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो. प्लास्टिकचा बहुधा लवून पूर्ववत होतो. मोटर सर्वांत शेवटी बदलावी.