मदत हवी आहे: कलमांच्या बागेतून गॅसची दुसरी लाइन

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. कडेने गॅसची एक पाइपलाइन आधीच गेलीय, तिचा कधी त्रास नाही. आता शेजारून दुसरी टाकायची म्हणून मोजणीवाले येऊन गेले. बाबांनी लावलेल्या सगळ्यात जुन्या कलमाच्या बुंध्याशी लाल रिबीन बांधलेली खुंटी ठोकलीय. कलम मोहोरलंय. आई रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहते.

१९६२ चा पाइपलाइन कायदा वाचला. जमीन आपल्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पण लाइनच्या पट्ट्यात घर, विहीर, झाड काही करता येत नाही. जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम, शिवाय नुकसानभरपाई वेगळी. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घ्यायची. आमची अजून निघालेली नाही.

उत्पन्न देणाऱ्या कलमाची किंमत कशी धरतात? वाशीच्या दलालाच्या आंबाविक्रीच्या जुन्या पट्ट्या (हिशोबाच्या पावत्या) जपून ठेवल्यात, त्या चालतात का? आणि मुख्य म्हणजे, हरकतीत लाइन थोडी सरकवून मागता येते का? बांधापलीकडे नुसता कातळ आहे, एक झाड नाही. ज्यांच्या बागेतून लाइन गेलीय त्यांनी कृपया सांगा.