मदत हवी आहे: एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन सायक्लोक्रॉसला उतरतेय, फळी आणि चिखल जमत नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय ४३, बँकेत नोकरी. चार वर्षं नेमाने सायकल चालवतेय. पहाटे जुळे सोलापुरातून निघायचं, विजापूर रोडने जाऊन परत. रविवारी सगळे मिळून तुळजापूर रोडला हिप्परगा तलावापर्यंत. शर्यत मात्र आजवर एकही केलेली नाही.

आता आमच्या ग्रुपने डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सायक्लोक्रॉस, म्हणजे शेतामाळातून अडथळे ओलांडत करायची सायकल शर्यत, ठरवलंय. एका मित्राच्या शेताचा अर्धा भाग माळ आहे, अर्धं काळं रान यंदा पेरलेलंच नाही. तिथे साधारण पावणेदोन किलोमीटरची फेरी आखलीय. ४० मिनिटं गोल फिरायचं. वाटेत दोन लाकडी फळ्या (उतरून सायकल उचलून ओलांडायच्या), एक उभा बांध, आणि शेवटच्या वळणाआधी विहिरीचं पाणी सोडून चाळीसेक मीटर चिखल करणार आहेत.

माझ्याकडे एमटीबी आहे. हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), २७.५ इंची चाकं, एस साइज, वजन १४ किलो, २.१ इंची टायर ट्यूबसकट, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क (चाक धरणारा दुबेळका), साधी सपाट पॅडल्स. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो.

परतीच्या पावसानंतर तीन दिवसांनी आम्ही तिथे सरावाला गेलो होतो. वरून वाळलेलं दिसत होतं म्हणून मी रानात घातली. तीस पावलंही गेले नसेन. माती आधी टायरला लागली, मग थरावर थर, त्यात मागच्या वर्षीच्या ज्वारीच्या धसकटांचे तुकडे. फोर्कच्या कमानीखाली ती इतकी गच्च बसली की पुढचं चाक फिरेनाच, नुसतं घसटत चाललं. उतरून बाभळीच्या काटकीने खरवडायला लागले, तर वरची माती निघायची आणि आतला थर घट्ट मळलेल्या कणकेसारखा तिथेच. पाच-सात मिनिटं गेली. सायकल उचलली तर दीडपट जड लागत होती.

फळीवर तर पडलेच. उतरायला उशीर झाला, उजवा पाय सीटवरून येईपर्यंत फळी समोर, पॅडल नडगीवर बसलं. जखम किरकोळ आहे, पण तेव्हापासून फळी दिसली की हात आपोआप ब्रेकवर जातो.

शिवाय ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, एमटीबीवर केलं तर ते सायक्लोक्रॉसच नव्हे, कोणाची तरी बारीक टायरची सायकल माग. मी बरंच वाचलं. जागतिक संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, ते खरं आहे. पण आमची शर्यत काही यूसीआयची नाही, आणि आयोजकांनी एमटीबीला हो म्हटलंय. फ्रान्समध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली, तेव्हा लोक साध्या रस्त्यावरच्या सायकली घेऊन शेतं आणि कुंपणं ओलांडत होते. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० पासून आहे, बायकांची सुरू व्हायला २००० साल उजाडलं. हे वाचल्यापासून मला उतरायचंच आहे. आमच्यात नाव दिलेल्या बायका आम्ही दोघीच.

तर सांगा: सायकल बदलू का? फळीवर नेमकं कसं उतरायचं आणि परत कसं बसायचं? माझ्या फ्रेमचा त्रिकोण इतका लहान आहे की खांद्यावर घ्यायला हातच आत जात नाही, मग बांध कसा चढू? आणि चिखलाचं काय करू? एका सहकाऱ्याने त्याच्या ७००सी (रस्त्यावरच्या सायकलींचं चाकाचं माप) सायकलची बारीक टायरची चाकं देऊ केलीत, ती बसतील का?

प्रतिसाद १ (पुण्याहून)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ती चाकं घेऊ नका. २७.५ ची रिम ५८४ मिमीची, ७००सीची ६२२. तुमची २९ इंची असती तर रिमचं माप जुळलं असतं, कारण २९ आणि ७००सी एकच. तुमच्या फ्रेममध्ये मोठं चाक कोंबण्यात अर्थ नाही.

सायकलही बदलू नका. डिसेंबरात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ३३ चं टायर भेगेत गेलं की हँडल हातातून सुटतं. तुमचं २.१ वरून निघून जाईल. सरळ सपाटीवर बारीक टायरवाले पुढे जातील, वळणावर आणि ढेकळांत तुम्ही त्यांना गाठाल.

आता फळी. चूक उशिरा उतरण्याची आहे, धाडसाची नाही. फळीच्या सात-आठ मीटर आधी उजवा पाय सीटवरून मागून डावीकडे आणा आणि डाव्या पॅडलवर एका पायावर उभ्या राहा, स्कूटरवर उभं राहिल्यासारखं. उजवा हात हँडलवरून काढून आडव्या दांड्यावर, सीटच्या जरा पुढे. मग उजवा पाय आधी जमिनीला, डावा मागोमाग, चालत नाही तर पळत. नियमाप्रमाणे फळी जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. तेवढ्यासाठी खांद्यावर घ्यायची गरज नाही, बादली उचलतो तशी उचला.

एक गोष्ट आजच बघा. या क्षणी तुमचा फक्त डावा हात ब्रेकवर असतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना डावा ब्रेक मागचा असतो, तसं असेल तर उत्तम. तुमच्या सायकलीला डावा पुढचा असेल तर एका पायावर उभं असताना तो जोरात दाबू नका, सायकल मागून उचलते.

बसताना उडी मारू नका. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवायची आणि सरकत बसायचं. आधी गवतावर, फळीशिवाय, चालण्याच्या वेगाने वीस वेळा करा. फळी नंतर.

प्रतिसाद २ (सोलापूर, बाळे)

पंक्चरचं कोणीच बोललं नाही अजून. डिसेंबरात माळावर सराटे वाळून टणक झालेले असतात, ट्यूब असेल तर पहिल्या फेरीतच हवा जाईल. रिम ट्यूबलेसला चालणारी असेल तर करून घ्या, नाहीतर ट्यूबमध्येच सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला. मी तीन वर्षं घालतोय, घरी येऊन टायरमधले सराटे मोजतो, हवा तशीच असते. ट्यूब ठेवलीत तर २६ पीएसआय हवेपासून सुरू करा, तुमच्या वजनाला पुरेल. फार कमी केलीत तर ढेकळावर रिम आपटून ट्यूब चिमटते.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

लहान फ्रेमवाल्यांसाठी माझा अनुभव, मी पण ५ फूट २ इंच. बांधावर खांद्यावर घेऊ नका. माती कोरडी असेल तर ढकला: डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, पावलं छोटी. बाटलीचा स्टँड काढून टाका, उचलताना कोपराला लागतो. पाणी सुरुवातीच्या आधी पिऊन घ्या, ४० मिनिटांत पिण्याइतकी उसंत मिळत नाही.

चिखलात मात्र उलटं. माती चिकटायला लागली की चाक जमिनीला लावायचंच नाही. उचलून काठाच्या गवतावरून पळा. जितकं ढकलाल तितकी माती गोळा होते, ते तुम्ही अनुभवलंच आहे. शर्यतीच्या सकाळी फोर्कच्या कमानीला आणि मागच्या चाकाजवळच्या फ्रेमला आतून घरातलं खाद्यतेल बोटाने पुसा, थर लवकर सुटतो. डिस्कला आणि ब्रेकपॅडला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. फोर्कचा लॉकआउट (दबणं बंद करणारी कळ) माळावर बंद-चालू करत बसू नका, भेगांचा भाग आहे तर उघडाच ठेवा.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रेक पाहिला, डावा मागचाच आहे. काल संध्याकाळी ऑफिसमधून येऊन सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत तासभर नुसतं उतरणं-बसणं केलं. एका पायावर उभं राहणं जमलं. बसताना सीटच्या टोकावर दोनदा आपटले, मग सीट एक सेंटिमीटर खाली घेतली तेव्हा मांडी नीट टेकली. ट्यूबमध्ये सीलंट घालून घेतलंय, बाटलीचा स्टँड काढला. रविवारी शेतावर पुन्हा जातोय, या वेळी दुसरी मैत्रीणही येतेय, तिच्याकडे २९ इंची आहे.

कोल्हापूरच्या ताई, एकच विचारते. उचलून पळताना उजव्या हाताची पकड दांड्यावरून घसरत होती, दांडा जाड आहे आणि माझा पंजा लहान. तुम्ही हातमोजे घालता का?

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

घालते, पूर्ण बोटांचे. आणि दांड्याला जिथे हात येतो तिथे हँडलची जुनी टेप दोन वेढे गुंडाळली आहे. आधी वायर्स दांड्याच्या खालून जातात का बघा, जात असतील तर टेप त्यांच्यावरून घट्ट ओढू नका, गिअर अडखळतात.