ओएमआर शीटवर रोल नंबरचे गोळे प्रिंटरने भरताना सरकतात

तुकोगंजकर:
इंदूरात भंवरकुआँला क्लास आहे. रविवारच्या सराव परीक्षेला मुलं रोल नंबरचे गोळे चुकीचे भरतात आणि निकाल अडतो. म्हणून छापील ओएमआर शीटवर (गोळे काळे करायची, मशीनने वाचली जाणारी उत्तरपत्रिका) रोल नंबर आधीच प्रिंट करून द्यायचा आहे. सहा अंकी नंबर, एकूण 600 शीट, लेझर प्रिंटर. यादी एक्सेलमध्ये आहे आणि पायथॉनने पीडीएफ बनते. 0, 1 चे गोळे बरोबर बसतात, पण 8, 9 पर्यंत येता येता काळा ठिपका अर्धा वर चढतो. शिवाय काही शीटवर सगळंच डावीकडे सरकतं. काय चुकतंय?

मापपट्टी:
भाऊ, या दोन वेगळ्या चुका आहेत. त्या एकत्र दुरुस्त करायला गेलात तर गुंता वाढेल.

खाली जाताना वाढत जाणारी चूक मापाची असते. एका गोळ्यापासून पुढच्या गोळ्यापर्यंतचं अंतर कधी मोजू नका. 0 च्या मध्यापासून 9 च्या मध्यापर्यंत मोजा आणि 9 ने भागा. 54 मिमी आलं तर एक घर 6 मिमीचं. तेच तुम्ही 5.7 धरलंत तर नवव्या घरापर्यंत 2.7 मिमीचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धं घर. पीडीएफमध्ये माप पॉइंटमध्ये जातं, 1 मिमी म्हणजे 2.835 पॉइंट, आणि उभं माप बहुधा पानाच्या तळापासून मोजलं जातं. कागद ए4 असेल तर वरून मोजलेला आकडा 297 मधून (पानाची मिमीमधली उंची) वजा करा.

प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ चालू. पान 97 टक्के झालं तरी वरच्या-खालच्या कडेला चार मिलिमीटरपेक्षा जास्त सरकतं. खात्रीसाठी 100 मिमीची एक रेघ साध्या कागदावर छापून पट्टी लावा.

आणि हो, एक्सेलचा रोल नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा. नाहीतर 004512 चा 4512 होतो आणि सगळे अंक चुकीच्या उभ्या रांगेत जातात.

खजूरी बाजार:
डावीकडे सरकणं कागदाच्या ओढीमुळे होतंय. ट्रेच्या बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात, दाबलेल्या नकोत. एका वेळी 20-25 शीटच ठेवा. पावसाळ्यात गठ्ठा आदल्या रात्री उघडा ठेवू नका. कागद दमट होऊन वाकतो आणि रोलर तो तिरका ओढतो. सगळं काम एकाच ट्रेमधून करा, कारण ट्रे बदलला की बैठक एक-दोन मिमीने बदलते.

ठिपका वर्तुळापेक्षा थोडा लहान ठेवा, 4 मिमीच्या वर्तुळात 3.4 चा. मग अर्ध्या मिलिमीटरची चूकही शेजारच्या वर्तुळाला लागत नाही. पहिली प्रत साध्या कागदावर काढा, ओएमआर शीटवर ठेवा आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून बघा. कडेच्या काळ्या खुणांवर शाईचा थेंबही पडू देऊ नका, मशीन ओळी त्यांच्यावरूनच मोजते.

लेझर आहे ते बरं. टोनरमध्ये, म्हणजे लेझरच्या काळ्या पुडीत, कार्बन असतो. काही जुनी ओएमआर मशीन इन्फ्रारेडवर वाचतात, त्यांना इंकजेटची डाय शाई दिसतच नाही. माणसाला गोळा काळाकुट्ट दिसतो आणि मशीनला तो रिकामा वाटतो.

मापपट्टी:
एक मूळ मुद्दा राहिला. तुम्ही साध्या स्कॅनरवर सॉफ्टवेअरने वाचत असाल तर छापील शीटच्या भानगडीत पडू नका. कोरा फॉर्म आणि रोल नंबर एकाच पीडीएफमध्ये, एकाच फेरीत साध्या कागदावर छापा. दोन्ही एकत्रच सरकतात, म्हणून बैठक चुकायचा प्रश्नच राहत नाही. छापील जाड शीट खास ओएमआर मशीनलाच लागते.

तुकोगंजकर:
मशीनच आहे. 0 ते 9 आता मोजलं तर 54 च आलं, कोडमध्ये 5.7 होतं. प्रत्येक शीटवर तिच्या स्वतःच्या क्रमांकाचा बारकोडही आहे, आणि कुठला बारकोड कुठल्या मुलाचा ते यादीत आहे. मध्येच कागद अडकला तर?

खजूरी बाजार:
मग तिथेच थांबा. अडकलेली शीट रद्द करून तिचा बारकोड यादीत खोडा. पुष्कळ प्रिंटर अडकलेलं पान पुन्हा नव्या शीटवर छापतात. तिथून पुढे प्रत्येक बारकोड एका मुलाने पुढे सरकतो आणि शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून 25-25 ची वेगळी पीडीएफ करा, रोल नंबर अंकांतही छापा आणि प्रत्येक गठ्ठ्याची पहिली आणि शेवटची शीट यादीशी ताडून मगच पुढचा गठ्ठा घाला.